फुटक्या बीकरांची बुडं

प्रयोगशाळेच्या दारात उभं राहिलं की संस्थेचं ऑफिस दिसायचं. मध्ये एक चिंच आणि पाण्याची टाकी, बस्स. त्या साठ-सत्तर पावलांवरच्या ऑफिसात द्यायचं पत्र मी दोन किलोमीटर चालत तलासरीच्या पोस्टात नेऊन रजिस्टर केलं. दुसऱ्या दिवशी तेच पत्र घेऊन पोस्टमन सायकलवरून आमच्याच फाटकातून आत आला, माझ्याकडे बघून हसला आणि ऑफिसकडे वळला. ते पत्र म्हणजे माझा राजीनामा. तारीख 28 डिसेंबर 1993.

ही उठाठेव माझी नव्हती, हेडसरांची. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी आपल्याकडे 1977 चा कायदा आहे, आणि त्याचं सातवं कलम फक्त राजीनाम्यावर आहे. दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही करायची, दोन्हींवर तारीख घालायची, एक व्यवस्थापनाला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवायची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवायची. त्याखालची 1981 ची नियमावली सांगते की कायम शिक्षकानं तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्यानं एका महिन्याची. हे कलम वाचलं की ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय असेल याचा अंदाज येतो. नेमणुकीच्या दिवशीच बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन तो कपाटात ठेवून देणारे संस्थाचालक, आणि त्या कपाटाकडे बघत वर्षानुवर्षं मान खाली घालून शिकवणारे मास्तर. असे किस्से तेव्हा कुठल्याही शिक्षकांच्या खोलीत ऐकायला मिळायचे.

मी हेडसरांना म्हटलं, "सर, आपले संबंध इतके चांगले. हातात देतो की."

ते म्हणाले, "अहो, चांगले आहेत म्हणूनच सांगतोय. बिघडलेले असते तर तुम्ही आपणहून नियम शोधून काढला असता."

त्यांनी माझा कच्चा मसुदा वाचला. मी दीड पान खर्डा केला होता. संस्थेनं दिलेली संधी, सहकाऱ्यांचं प्रेम, या पवित्र भूमीशी जडलेलं नातं, असं बरंच काही त्यात होतं. सरांनी लाल शाईचं पेन काढलं आणि दहावीचा निबंध तपासावा तसं सगळं खोडत गेले. तीन ओळी उरल्या. "वैयक्तिक कारणास्तव" हे शब्दही काढले. म्हणाले, "कारण विचारलेलं नाही, तर देऊ नका. आणि प्रेमाचं पत्र वेगळं लिहा. ते सेवापुस्तिकेला लागत नाही."

ते वेगळं पत्र मी कधी लिहिलं नाही. हे जे लिहितोय, ते तेच म्हणायला हरकत नाही.

मी मूळचा वाईचा. जून 1985 मध्ये बीएस्सी बीएडची कागदं घेऊन डहाणू रोडला उतरलो तेव्हा डहाणू म्हणजे चिकू आणि इराणी एवढीच माझी माहिती होती. घोलवड-बोर्डीचे चिकू तोवर नुसते घोलवडचे चिकू होते. भौगोलिक मानांकन त्यांना पुढे 2016 मध्ये मिळालं. तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यात. जिल्ह्याच्या कामाला ठाण्याला जायचं म्हणजे सगळा दिवस त्यातच जायचा. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला, तोवर मला तिथून जाऊन वीस वर्षं झाली होती. एस्टीनं तलासरीला पोचलो तेव्हा पाऊस असा कोसळत होता की माझी वळकटी शाळेत पोचेपर्यंत तिचं वजन दुप्पट झालं.

पहिल्या वर्षी मी दोनदा पळून जायच्या बेतात होतो. कारण पाऊस नव्हे, दिवाळी. सुट्टी संपवून आलो तर नववीच्या वर्गात पंचावन्नातली एकवीस पोरं. बाकीची आईबापांबरोबर गवत कापायला, वीटभट्टीवर, कुठे कुठे. माझं पाठाचं टाचण तयार, तक्ते रंगवलेले, आणि समोर रिकामी बाकं. शाळा सुटल्यावर हेडसर मला पाड्यांवर घेऊन जायचे. घरी म्हाताऱ्या माणसांपाशी बसायचे, पोरगा कधी येणार एवढंच विचारायचे, आणि उठायचे. एकदाही त्यांनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलेलं मी ऐकलं नाही. परतीच्या वाटेवर म्हणायचे, "घरात खायला नाही हे त्यांना माहीत आहे. ते आपण त्यांना सांगायला नको." फेब्रुवारीपर्यंत पस्तिसेक पोरं परत यायची. कशी यायची हे मला अजूनही नीटसं उमगलेलं नाही.

माझा हात धरून मला प्रयोगशाळा शिकवली ती मात्र मामांनी. कागदोपत्री ते प्रयोगशाळा परिचर, पोरांच्या तोंडी शिपाईमामा. जातीनं वारली, वय त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, शाळेच्या दप्तरात 1 जून लिहिलेलं. वारलीत आदरार्थी बहुवचनाची भानगड नाही. मामा मला "तू" म्हणायचे, हेडसरांना "तू" म्हणायचे, तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांनाही "तू पाणी घे" म्हणाले होते. पहिल्या आठवड्यात मला ते खटकलं, हे कबूल करतो. वाईच्या ब्राह्मणआळीच्या कडेला वाढलेला माणूस मी, अहो-जाहो मोजून घेणारा. पुढे कुणी मला "सर, आपण" म्हटलं की वाटायचं, याचं काहीतरी काम असणार.

1993 च्या डिसेंबरमध्ये दुसरीकडून नेमणुकीचं पत्र आलं. गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची जागा, घरापासून अर्ध्या तासावर. वडील जाऊन वर्ष झालं होतं, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण त्यांना माणूस 1 जानेवारीलाच हवा होता. आमच्याकडे दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आणि मार्चमध्ये बोर्डाची. नोटीस न देता जायचं तर तीन महिन्यांचा पगार भरावा लागणार होता. खरं सांगतो, तो भरायची माझी तयारी झाली होती. बँकेतले पैसे मोजूनसुद्धा झाले होते.

मी आधी सांगितलं ते मामांना. हेडसरांना सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून आधी इथे रंगीत तालीम. मामा परीक्षानळ्या धूत होते.

"पगार वेळेवर देत नाहीत?"

"देतात."

"कुणी मारलं?"

"छे हो, मामा."

"मग सोडून जातोस, आणि कोण धरायला येणार नाही?"

"कोण येणार?"

मामांनी नळी उजेडाकडे धरून बघितली, स्टँडवर उलटी ठेवली आणि म्हणाले, "चांगलं आहे."

मला वाटलं, टोमणा आहे. पुढच्या पंधरा दिवसांत थोडं थोडं करून कळलं की टोमणा नव्हता. मामांचे वडील लग्नगडी होते.

हा शब्द या भागाबाहेर फारसा कुणाला माहीत नाही. लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे रुपये उचलायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. फिटायचं कधी, ते सावकाराची वही सांगणार, आणि वही वाचता सावकारालाच येणार. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सगळं लिहिलंय. पुस्तक 1970 चं, 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझ्या बीएडच्या यादीत ते नव्हतं. ते मला हेडसरांनी दिलं, तेही तिथे पाच वर्षं काढल्यावर. "आधी दिलं असतं तर तुम्ही पुस्तकातली माणसं शोधत बसला असता," हे त्यांचं स्पष्टीकरण.

23 मे 1945 ला वारल्यांची जी मोठी सभा झाली, ती आता तलासरी तालुक्यात मोडणाऱ्या झरीला. लग्नगडी आणि वेठ बंद, हे तिथून पुढे गावोगाव गेलं. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागितले म्हणून. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी माणसं गेली. मामांचे वडील झरीच्या सभेला चालत गेले होते, असं ते स्वतः सांगायचे, आणि सभेहून परत सावकाराकडे न जाता घरी गेले. "तो त्याचा राजीनामा," हे मामा म्हणाले नाहीत, हे माझं. मामा एवढंच म्हणाले, "सावकार बोलला, तुझे अजून एवढे बाकी. बाबाकडे काय होतं दाखवायला? तोंडाचं बोलणं. तोंडाचा हिशेब हिशेब नसतो, मास्तर."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ मार्चमध्ये कळला.

गंमत अशी की ज्या मातीत काम सोडणं हाच गुन्हा होता, तिथे बाहेरून जी मोठी माणसं आली ती बरीचशी चांगली नोकरी सोडून आलेली, आणि त्यांतल्या तिघी तर बायका. गोदावरीबाई या गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला सदस्य. ते सोडून किसान सभेत आल्या. ताराबाई मोडक राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, त्या काळी एका भारतीय बाईला मिळालेली ती जागा लहान नव्हती. ती सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षणाला गेल्या आणि तिथून फिरत फिरत 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून बसल्या. आणि अनुताई वाघ. पुण्याच्या हुजूरपागेतली मास्तरकी. नोकरी करता करता रात्रशाळेतून 1937 मध्ये मॅट्रिक झालेली, तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांत विधवा झालेली बाई. तिच्यासारखीला हुजूरपागेतली कायम नोकरी म्हणजे आयुष्याची दोरी. पस्तिशीत ती सोडून ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या, पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि मग कुठेच गेल्या नाहीत. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात न्यायची, ही कुरणशाळा त्यांचीच. बीए त्या पन्नाशीत, 1961 मध्ये झाल्या.

कोसबाड आमच्यापासून फार लांब नव्हतं. सात वर्षं मी म्हणत राहिलो की एकदा जाऊन अनुताईंना भेटायला पाहिजे. 27 सप्टेंबर 1992 ला त्या गेल्या. मी टेकडी चढलो तो त्यानंतर.

या तिघींच्या गोष्टी सांगताना आपण सोडणाऱ्याचंच कौतुक करतो. मला अलीकडे मागे राहिलेल्यांची उत्सुकता वाटते. अनुताई गेल्यावर त्यांचा वर्ग कुणी घेतला असेल? वेळापत्रकात कुणाचे तास वाढले असतील? "मी अमुक नोकरी चांगल्या संबंधांत सोडली" असं लोक छातीवर बिल्ला लावल्यासारखं सांगतात, मीही सांगत आलो. त्यात आपला हात किती? आपण फक्त जातो. संबंध चांगले ठेवायचे की नाही ते ज्यांच्या डोक्यावर आपलं काम पडतं ते ठरवतात. संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यानं, नाव कशाला, मला बोलावून सुनावलंच होतं की आम्ही तुम्हाला कायम केलं आणि तुम्ही घरचं मटण शिजलं म्हणून निघालात. चूक नव्हतं त्यांचं. फक्त हेडसर तसं म्हणाले नाहीत.

त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. आईचं ऑपरेशन कधी, आणि आधुनिक आवर्तसारणी शिकवून झाली का. मग तो रजिस्टर्ड पोस्टाचा कार्यक्रम. आठवडाभरात वाईकडचं पत्र आलं: 1 जानेवारीऐवजी 1 एप्रिलनंतर हजर झालात तरी चालेल. मला वाटलं, नशीब.

दहावीचे पेपर पार पडले आणि चार्ज द्यायची वेळ आली. ज्यांनी शाळेत प्रयोगशाळा सांभाळली आहे त्यांना हा शब्द ऐकूनच घाम फुटेल. जडवस्तू संग्रह नोंदवही एका हातात, नवा माणूस समोर, आणि कपाटं एकेक करून उघडायची. तराजू दोन, आहेत. वजनपेटी एक, आहे. आतलं वीस मिलिग्रॅमचं वजन नाही, पण ते मी यायच्या आधीपासून नाही, तशी नोंद आहे. सूक्ष्मदर्शक तीन, आहेत, पैकी एकाचा आरसा फुटका. इथवर ठीक. मग काचसामान.

फूटतूट रजिस्टर माझ्याकडे असायला हवं होतं. पहिली दोन वर्षं मी ते मन लावून लिहिलं. नंतर, आज-उद्या करत, सहा वर्षं कोरी. खरेदीच्या पावत्यांप्रमाणे बीकर यायला हवे होते त्रेसष्ट. कपाटात निघाले बावीस. एक्केचाळीस बीकर कुठे गेले याचं माझ्यापाशी काही उत्तर नव्हतं. फुटले, दुसरं काय होणार? पण कधी फुटले, कुणी फोडले, कुणासमोर? नवा माणूस सही करेना, आणि त्याच्या जागी मीही केली नसती. त्या काळी चांगला काचेचा बीकर स्वस्त नव्हता. रकमेपेक्षा मला लाज जास्त वाटत होती: आठ वर्षं पोरांना निरीक्षण लिहा, निष्कर्ष लिहा म्हणून ओरडलो, आणि माझीच वही कोरी. आणि 'कमी' असा शेरा पडला की ना-देय प्रमाणपत्र अडणार, ते अडलं की कार्यमुक्ती अडणार.

मामा दारात उभे राहून ऐकत होते. ते गेले, शिडी घेऊन आले, माळ्यावर चढले आणि वरून एक गोणपाट हळूहळू खाली सोडलं. आतून खळखळ आवाज आला. मग दुसरं. मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

आठ वर्षांची फुटकी काच होती ती सगळी. एकही तुकडा मामांनी फेकला नव्हता.

आम्ही व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरलं. हेडसर आले, खुर्ची मागवली नाही, खालीच मांडी घालून बसले. काचेच्या ढिगात बीकर मोजायचे कसे? बाजूच्या काचा शंभर ठिकऱ्यांच्या. मामांनी ते आधीच सोडवून ठेवलं होतं. "बूड बघ," म्हणाले. "बीकर कसाही फुटू दे, बूड एकच." आणि खरंच, बूड जाड असतं, ते बहुतेक वेळा सबंध राहतं. जे दुभंगलेलं होतं ते मामांनी तेव्हाच चिंधीत एकत्र बांधून ठेवलं होतं. आम्ही बुडं वेगळी काढायला लागलो. अडीचशेची एका बाजूला, शंभरची एका बाजूला, पन्नासची चिमुकली. हेडसर एक एक उचलून, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून रांगेत लावत होते. उन्हं व्हरांड्यात आली होती आणि सगळी रांग चमकत होती.

बेचाळीस भरली.

परत मोजली. बेचाळीसच. नव्या माणसानं तिसऱ्यांदा मोजली. एक जास्त!

हेडसर मामांकडे बघत राहिले. मामा म्हणाले, "तो मास्तरच्या आधीचा असेल. मी आधीपासून ठेवतो."

"कशासाठी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कुणी बोललं असतं, मामानं चोरले, तर काय दाखवलं असतं?" मामा म्हणाले. "आज तुझ्या कामाला आले."

हेडसरांनी रजिस्टरमध्ये एक्केचाळीस नग फुटून निकामी अशी नोंद स्वतःच्या अक्षरात केली, नव्या माणसानं सही केली, मी केली. मग सर म्हणाले, मामांचीही साक्षीदार म्हणून पाहिजे. मामा वळणदार सही करायचे. सहीपुरतं हेडसरांनीच कधीतरी शिकवलं होतं. नंतर शाळेमागे खड्डा खणून ती काच पुरली, खोल, कारण पोरं अनवाणी.

31 मार्च 1994, गुरुवार. कार्यमुक्तीचा आदेश हातात, त्याखाली माझी पोच. हेडसर फाटकापर्यंत आले, हात जोडले, "पोचल्याचं कळवा," एवढं म्हणून परत फिरले. त्यांचा सातवा तास होता. माझाच, खरं तर.

ते निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी गेले. वाईकडचे आमचे प्राचार्य निवृत्त होताना टेबलाचे खण रिकामे करत होते तेव्हा त्यांनी मला एक आंतर्देशीय पत्र दिलं. "हे तुमचं, इतकी वर्षं माझ्याकडे राहिलं." डिसेंबर 1993 चं, हेडसरांच्या अक्षरातलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की आमचे शिक्षक 1 जानेवारीला येऊ शकणार नाहीत, त्याचं कारण ते नव्हेत, आमची दहावीची मुलं आहेत. आणि जो माणूस परीक्षेच्या तोंडावर वर्ग सोडून तुमच्याकडे येईल, तो उद्या तुमचाही सोडेल, तेव्हा तीन महिने थांबावं. माझं कौतुक एका शब्दानं नव्हतं. पगार भरून पळायची माझी तयारी होती हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे आता कुणाला विचारू?

मामांशी बोलणं होतं. नोव्हेंबर 2018 पासून तलासरी-डहाणूकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा मी घाबरून फोन केला. त्यांच्या नातवानं उचलला आणि त्यांना दिला. "बाहेर झोपतो," मामा म्हणाले. "जमीन हलते. तू कसा आहेस?"

निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्या खोलीवर आले होते. हातात ते बेचाळिसावं बूड, शंभर मिलिलिटरचं. कडा दगडावर घासून घासून इतकी गुळगुळीत केलेली की बोट फिरवलं तरी लागत नाही. हे कुणाच्या हिशेबात नाही, म्हणाले, तू ने. माझ्या टेबलावर असतं ते. मी त्यात टाचण्या ठेवतो.